फेच

साहेबानं गोळी घातलेलं बदक तळ्यात पडलं तेव्हा कुत्रं काठावरच होतं. शिकवलेलं कुत्रं. पण पौषातलं पाणी, कुत्रं गारठलं असतं. साहेबानं त्याचा पट्टा धरून ठेवला, माझ्या बापाकडे बोट केलं आणि म्हणाला, "फेच."

बा शिकारीच्या हाक्याला आलेला, रान उठवायला. त्याला शब्द कळला नाही. बोट कळलं. लंगोटीवर पाण्यात शिरला. छातीपर्यंत, मग गळ्यापर्यंत. बदक घेऊन कुडकुडत बाहेर आला, तर पाहुणे हसत होते. साहेबानं बाचं डोकं थोपटलं. कुत्र्याचं थोपटतात तसं. मी पाहुण्यांसाठी पाण्याची घागर घेऊन उभी. बासुद्धा हसला. ते हसू मला अजून सलतं.

त्याच आठवड्यात बाला ताप भरला. छाती घरघरायला लागली. होळीच्या आधी गेला.

मी जव्हारला मोळी विकायला जायची. इंग्रजी शिकवणारे एक मास्तर मोळी घ्यायचे. ते ओट्यावर, मी खाली अंगणात. त्यांना विचारलं, फेच म्हणजे काय. म्हणाले, क्रियापद आहे. जा आणि घेऊन ये. फार जुना शब्द. काही पंडित त्याचं मूळ पायाशी जोडतात. वाईट नव्हे. डॉक्टरला घेऊन ये, पोराला शाळेतून आण, हेही साहेब लोक त्याच शब्दानं सांगतात. नाव घेतात, कृपा करून म्हणतात.

"आणि नुसतंच म्हटलं तर?"

मास्तरांनी मान खाली घातली. "नुसतं कुत्र्याला म्हणतात."

मी घाट उतरेपर्यंत रडत होते.

पुढच्या थंडीत साहेब परत आला. बाच्या जागी माझा भाऊ, लाडक्या. बदक पडलं. तोच शब्द. लाडक्या बंडी काढायला लागला. मी घागर खाली ठेवली, त्याचा हात धरला. रानशिपाई धावून आला. त्याला म्हटलं, "साहेबाला सांग, हा लाडक्या. माझा भाऊ. पाण्यात जायचा नाय."

त्यानं आधी मला मारलं, मग लाडक्याला. बदक वाऱ्यानं पलीकडे गेलं.

आमचं रान बंद झालं. लाकूड नाही, मोळी नाही. नाचणी संपली, कंद उकडून खाल्ले. आई म्हणाली, लाडक्या पाण्यात गेला असता तर काय बिघडलं असतं. मी भांडले नाही. तिचा माणूस गेला होता, आता पोर उपाशी मरायची तिला भीती.

अजून हाक्याला बोलवायला माणूस पाड्यावर येतो. मी दारात उभी राहते. आमच्या घरातलं कोणी जाणार नाही. नावानं बोलावलं तरी नाही.