मायच्या झोपेचा निर्णय

अकोल्याच्या त्या दवाखान्यात माझं डोकं भणभणलं ते डॉक्टरीणबाईंमुळे नाही, आमच्याच घरच्यांमुळे. बाई सरळ बोलल्या होत्या. मायच्या फुप्फुसांचा कॅन्सर शेवटाला आला होता. चार शब्द बोलली की धाप लागायची. आडवं होता येईना म्हणून तीन दिवस ती उशांना टेकून बसूनच होती. मॉर्फिन चालू होतं, तेही पुरेना. बाई म्हणाल्या, "सलाइनमधून झोपेचं औषध सुरू करू. गुंगी येईल, श्वासासाठीची ही तडफड त्यांना जाणवणार नाही. औषध जीव घेणार नाही, आजार त्याच्या गतीनं पुढे जाईल. पण नंतर त्या बोलतीलच असं नाही." मग विचारलं, "त्यांना कल्पना दिलीय का?"

भावानं हातच जोडले. "नाई मॅडम, तिले काई सांगू नका. खचून जाईन बिचारी."

खचून! कोण? आमची माय? बाप गेल्यावर या बाईनं एकटीनं फुलांचा मळा चालवला. शेवंती कधी लावायची, झेंडू कधी तोडायचा, बाजारात कुठल्या कोपऱ्यात बसायचं, कोणाला एका शब्दानं विचारलं नाही. माझं लग्न अमरावतीत ठरवलं तेव्हा मलासुद्धा नंतरच कळलं. आणि आता तिच्या स्वतःच्या झोपेसाठी आम्ही व्हरांड्यात उभं राहून गावभर फोन लावत होतो.

मोठा मामा अंजनगाव सुर्जीला. तो म्हणाला, "मी उद्या सकायी येतो, तोवर काईच करू नका. बोलतीचालती भेट झाली पाह्यजे." झालं. भावाला तेवढंच हवं होतं.

"अरे, श्वास तिचा, अन् परवानगी अंजनगावची?" मी भडकले.

"लोक काय म्हणतीन? पोरायनंच सुई देऊन झोपवली म्हणतीन."

"म्हणू दे न! लोकायले लागून राहिली का धाप?"

"तुले लय घाई झाली," तो म्हणाला. "तू तर आजच मारून टाकून राहिली तिले."

 भांडणात कोणाला हार जाणारी मी नाही, मी शिकवते त्या शाळेत मुख्याध्यापकही माझ्या तोंडाला लागत नाहीत. पण त्या एका वाक्यानं मी माघार घेतली. डॉक्टरीणबाईंना मी स्वतः जाऊन सांगितलं, "उद्या पाहू." त्याबद्दल मला भावाचा राग नाही येत, माझाच येतो.

आत गेलो की आम्ही तोंडं हसरी करायचो. "बरं वाटून राहिलं न, माय?" भाऊ विचारायचा. ती पलंगाची दांडी घट्ट धरून नुसती बघायची. उत्तर द्यायला श्वास कुठून आणणार? रात्र तशीच गेली. ती मी लिहीत नाही.

सकाळी पहिल्या एसटीनं मामा आला. तिच्याजवळ जेमतेम दोन मिनिटं बसला आणि दुपट्ट्यानं तोंड पुसत बाहेर आला. "असं कसं ठेवलं रे तुमी तिले? काहून तडपवून राहिले? द्या न ते औषध!" ज्याच्यासाठी थांबलो तोच आमच्यावर खेकसत होता. हसावं की रडावं, मला कळेना.

डॉक्टरीणबाईंनी मात्र या वेळी आम्हाला विचारलंच नाही. सरळ मायच्या उशाशी बसल्या. "आजी, झोप येईल असं औषध देऊ का? दम लागतोय तो जाणवणार नाही. पण मग कदाचित बोलता येणार नाही."

भाऊ पुढे झाला, मामानं त्याला मागे ओढलं.

मायनं सगळं ऐकून घेतलं. एकेक शब्द करत म्हणाली, "असते... असं... औषध?"

"हो आजी."

तिनं मान वळवून माझ्याकडे पाहिलं.

"मंग... काल काहून... नाई देलं वं?"

 ती उत्तरासाठी थांबलीही नाही. सलाइन लावलेला हात तिनं स्वतःच डॉक्टरीणबाईंपुढे केला.