राजदूतांचं उत्तर

ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हा मी धुळ्याच्या एका कॉलेजात इंग्रजी शिकवत होते. इजिप्तचे एक निवृत्त राजदूत जळगावच्या कापूस व्यापाऱ्याकडे पाहुणे आलेत, असं आमच्या प्राचार्यांना कळलं आणि त्यांनी लगेच व्याख्यान ठरवलं. दुभाषी मी. प्राचार्यांनी साहेबांच्या चरित्राची टाईप केलेली चार पानं हातात ठेवली. चार देशांतली राजदूतपदं, कसल्याशा शांतता करारातला वाटा, तीन पदकं. मी ती पाठ केली, हे कबूल केलेलं बरं.

साहेब दोन तास उशिरा आले. स्वागताला उभ्या असलेल्यांशी हस्तांदोलन झालं की रुमालानं बोटं पुसायचे, तेही समोरच्याच्या देखत. मंचावर बसल्यावर मला विचारलं, "या गावाचं नाव काय?" मी सांगितलं. दोनच मिनिटांनी माईकवर म्हणाले, जळगाव पाहायची माझी फार दिवसांची इच्छा होती. मराठीत मी ते धुळं केलं.

पुढचा पाऊण तास नुसतं मी, मी आणि मी. कोणता राजा यांचा सल्ला घ्यायचा, कोणता मंत्री यांच्यासाठी दारात ताटकळायचा. तो करार बाकीच्यांनी फक्त सह्यांपुरता पाहिला असावा.

शेवटी एका विद्यार्थ्याचे वडील उठले. पिंपळनेरकडचे शेतकरी, सगळे त्यांना आबा म्हणायचे. त्यांनी विचारलं, "साहेब, तुमना देशमा कापूसना भाव कोन ठरावस? पिकाडनारा का लेनारा?"

मी इंग्रजीत सांगितलं. साहेब हसले आणि माझ्याकडे झुकून म्हणाले, "काहीतरी गोड सांगून टाका. अशी माणसं उत्तरासाठी विचारत नसतात."

मला ते माईकवर जसंच्या तसं सांगता आलं असतं. पण प्राचार्य माझ्याकडे डोळे लावून बसले होते. मी म्हणाले, "साहेब म्हणतात, आमच्याकडेही घेणाराच भाव ठरवतो, आणि मला त्याची लाज वाटते."

टाळ्या थांबेनात. साहेबांनी छातीवर हात ठेवून मान लववली. दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात तेच वाक्य मथळ्यात आलं. प्राचार्यांनी कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलं. साहेबांची खानदेशात जी काही कीर्ती झाली, ती एवढीच, आणि तीही माझ्या पदरची.

आठवड्याभरानं आबा कॉलेजात आले. "बाई, साहेबले पत्र लिखी द्या. म्हना, एकदाव आमना वावरमा या." शेतावर यायचं आमंत्रण; त्यांच्यासमोर मला नाही म्हणता आलं नाही. व्यापाऱ्याकडून पत्ता मिळवला, आबा सांगत गेले तसं लिहिलं आणि टाकलं. उत्तर आलं नाही. धुळ्याला आले की आबा विचारायचे, मी नकारार्थी मान हलवायचे. असं वर्षभर चाललं. साहेबांचा राग यायचा तो यायचाच, पण स्वतःची किळस जास्त यायला लागली.

एकदा स्टाफरूमच्या बाहेर मी त्यांना थांबवलं. "आबा, ते साहेब नव्हते बोलले. मीच बोलले होते." ते खरं काय बोलले, तेही सांगितलं.

आबांनी टोपी काढून पुन्हा नीट बसवली. मग म्हणाले, "मंग तुम्हीच या बाई. वावर तठेच शे."

रविवारी सकाळी मी पिंपळनेरची एसटी पकडली.