मामांनी आणलेला गालिचा

आमच्या मामांनी विकत घेतलेली वस्तू आयुष्यात कधी परत केली नाही. मामा म्हणजे माझे सासरे. आमच्या भागात सासऱ्यांना मामा आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. चप्पल घट्ट निघाली तर ती सैल होईपर्यंत ते लंगडत चालत. कुलर गळायला लागला तेव्हा त्याच्याखाली परात ठेवली आणि ते पाणी तुळशीला घालायला सुरुवात केली. कुणी नाक मुरडलं की त्यांचं वाक्य ठरलेलं असे, "मी आणलंय म्हणजे बघूनच आणलंय."

खरेदी ते एकटेच करत. नांदेडच्या बाजारात सकाळी जायचे आणि दुपारी पिशवी आत्याबाईंच्या पुढ्यात ठेवायचे. साड्यासुद्धा त्यांनीच आणलेल्या. आत्याबाई पदर उलगडून बघत, "चांगली हाय" म्हणत आणि घडी घालून ठेवून देत. सगळं घर जिच्या जिवावर चालतं तिला साधी चादर निवडायला कुणी नेत नाही, याचा मला फार राग यायचा. त्यांना तो यायचा की नाही, हे कळायला काही मार्ग नव्हता.

एकदा लातूरला लग्नाला गेलेले मामा खांद्यावर गालिचा घेऊनच परतले. तिथल्या मैदानात सेल लागला होता म्हणे. गडद लाल, जाडजूड, पाऊल रुतेल असा. बैठकीत अंथरल्यावर खोली खरंच श्रीमंत दिसायला लागली. आठवडाभरात मात्र झाडताना लाल तंतूंचे पुंजके निघू लागले. मामा म्हणाले, "नवं हाय, झडणारच. चार दिस जाऊ दे, आपोआप थांबतंय."

त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नव्हतं. वरचे उभे धागे, म्हणजे लव, कापलेल्या गालिच्यात सुटे तंतू राहून जातात आणि सुरुवातीला काही दिवस ते निघत राहतात. पण आमचा गालिचा थांबायचं नावच घेईना. वरणात लाल तंतू, लोह्याहून आलेल्या पाहुण्यांच्या पांढऱ्या धोतराला लाल तंतू. दिवाळीच्या साफसफाईत मामांनी तो गच्चीवर नेला, बादल्या ओतून धुतला, काठीनं बडवला आणि कडक उन्हात टाकला. आमच्याकडे सतरंज्या अशाच धुतात. त्यानंतर तर तो मुठीमुठीनं झडायला लागला.

त्यात आत्याबाईंना दमा होता. पूर्वी थंडीतच काय तो त्रास व्हायचा. आता बैठकीत जरा टेकल्या की खोकल्याची उबळ यायची आणि पंप शोधावा लागायचा. शेजारच्या शमीमखाला संध्याकाळी गप्पांना यायच्या. दोघी आता स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसू लागल्या. "भाभी, ये गालिचे के पीछे तुमारी जान जाती देखो," खाला एकदा स्पष्टच म्हणाल्या. आत्याबाई म्हणाल्या, "जाऊ दे बाई. हौसेनं आणलाय त्यांनी."

मी मामांना सांगून पाहिलं, त्यांच्या मुलानं सांगून पाहिलं. "हवा खराब हाय. तिला हरसाल होतंय," एवढंच उत्तर. डॉक्टरांनी घरात धूळ फार असते का म्हणून विचारलं, तर आत्याबाई तोंड उघडायच्या आत मामाच बोलले, "न्हाई साहेब, घर एकदम साफ हाय." त्या दिवशी रिक्षात मी त्यांच्याशी एक शब्द बोलले नाही.

मग एका सकाळी आत्याबाईंना श्वासच घेता येईना. दवाखान्यात ठेवावं लागलं, नाकाला नळ्या लागल्या. त्या घरी येतील तेव्हा त्यांना हवेशीर जागा असावी म्हणून मामा बैठकीत खाट टाकायला निघाले. त्यासाठी गालिच्याचं टोक उचललं तर खाली पिवळट भुकटी पसरलेली. त्यांनी चिमूट उचलून बोटांत चोळली, वास घेतला.

"रबराचा वास येऊन राहिला," ते म्हणाले.

मी सांगितलं की असल्या गालिच्याचे धागे गाठ मारून विणलेले नसतात, कापडात टोचून मागून रबराच्या चिकानं चिकटवलेले असतात. ते चिकटवलेलं सुकून भुकटी झालं की धाग्यांना धरून ठेवायला काही उरत नाही.

"म्हंजी मी धुतला म्हणून?"

"धुतल्यानं लवकर गेला, मामा. पण आज ना उद्या जाणारच होता."

त्यांनी बोटांची भुकटी झटकली. मग म्हणाले, "सूनबाई, दोरी आण." गालिचा त्यांनी स्वतः गुंडाळला, आवळून बांधला आणि जिन्यावरून एकट्यानं खाली नेला. मला हात लावू दिला नाही.

आत्याबाई बऱ्या झाल्यावर एक दिवस मामा त्यांना म्हणाले, "चल, बाजारात जाऊ." त्यांना वाटलं, पुन्हा डॉक्टरकडे. मीही सोबत गेले. दुकानात मामांनी प्रत्येक गालिचा उलटा करून पाठ पाहिली, लव फाकवून बुडाशी गाठ आहे का ते पाहिलं, ओला तळवा घासून तंतू किती येतात ते पाहिलं. दुकानदार कंटाळला. मग अचानक ते आत्याबाईंकडे वळले.

"तुला कोणता पायजे?"

आत्याबाईंनी माझ्याकडे बघितलं. प्रश्न मलाच विचारला असावा असं त्यांना वाटलं. "तुमीच बघा की," त्या म्हणाल्या.

"मी बघून काय झालं ते दिसलं. तू सांग."

त्या बराच वेळ एकेका थप्पीवरून हात फिरवत राहिल्या. शेवटी त्यांनी सुती जमखाना दाखवला, मोठ्या सतरंजीसारखा, सपाट विणीचा, पोपटी, त्यावर पिवळे पट्टे. असला रंग मामांनी जन्मात घरात आणला नसता. "ह्याला लवच न्हाई," त्या म्हणाल्या, "झडंल काय?" मामांनी पैसे दिले आणि रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही. आत्याबाई रिक्षात तो मांडीवर घेऊन बसल्या होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दमा पूर्ण गेला नाही, पण त्या पुन्हा बैठकीत बसू लागल्या, शमीमखालाही. पुढे दोनेक वर्षांनी हृदयाच्या झटक्यानं आत्याबाई गेल्या.

परवा पडद्याचं कापड घ्यायचं होतं. मामा म्हणाले, तूही चल. दुकानदारानं दोन ठाणं उलगडून ठेवली, एक निळसर, एक बदामी. मामा बराच वेळ दोन्हींकडे बघत उभे राहिले आणि मग हळूच मला म्हणाले, "सूनबाई, हिला ह्यातला कोणता आवडला असता?"

मला सांगता आलं नाही. आत्याबाईंची आवड आम्ही सगळ्यांनी मिळून एकदाच तर विचारली होती.