जैनबखालाचा सिरका

जैनबखाला बोलायची ती आधी मर्तबानांशी, माणसांची पाळी नंतर. लग्न होऊन मी उस्मानपुऱ्यात आले, त्याच्या दुसऱ्याच सकाळी भिंतीपलीकडून आवाज आला, "उठे क्या? दम घुटा क्या रात को?" मला वाटलं, घरात कुणी आजारी आहे. डोकावून पाहिलं तर एक उंच, हाडकुळी बाई चिनी मातीच्या भल्यामोठ्या बरण्यांपुढं बसून त्यांच्या तोंडांवरची मलमल सैल करत होती.

तेव्हा निजामाचं राज्य होतं, आणि त्या राज्यातला सर्वांत तेज सिरका आपलाच, असं खालाचं स्पष्ट मत होतं. उसाचा रस मर्तबानात भरायचा, तोंडाला मलमल बांधायची आणि वाट बघायची. रस आधी फसफसतो, मग त्याला दारूचा वास येतो, आणि हवा मिळत राहिली की वर सायीसारखा पापुद्रा धरून त्याचा आंबटजहाल सिरका होतो. हवा तोडली तर तो दारूपाशीच अडतो. शेजारच्या फळीवर कैरीचं लोणचं, तेलात बुडवून गच्च झाकलेलं. त्याला हवा लागली की बुरशी आलीच. "इसको हवा होना, उसको नक्को," ती मला शिकवायची. "दुल्हन, एवढं कळलं की घर चालतंय." गल्लीतल्या माणसांचीही तिनं अशीच वाटणी केली होती. माझ्या सासूबाई लोणच्यात होत्या. मी कशात, ते मेलीनं शेवटपर्यंत सांगितलं नाही.

तिचा धाकटा भाऊ वहाबमामू तिच्याकडंच राहायचे. भला माणूस, अत्तराची फेरी करायचे. खोटं बोलणं त्यांना जमत नसे आणि चिलटं त्यांना खपत नसत. एका हिवाळ्यात खाला लेकीच्या बाळंतपणाला लासूर स्टेशनला गेली. रस नुकताच भरलेला, आणि मलमलीवर चिलटांचा थर. मामूंना ते बघवेना. त्यांनी बिर्याणीला दम देताना लावतात तशी कणीक मळली, मर्तबानांवर झाकणं ठेवली आणि कडेनं सगळी लिंपून टाकली. आतल्या फसफशीनं कणीक फुटे, फुस्स आवाज येई. मामू पुन्हा मळत, पुन्हा लिंपत. तेवढी कणीक त्या घरात ईदेलाही लागली नसेल.

खाला परतली. एक झाकण उघडलं, वास घेतला आणि भिंतीला टेकून खाली बसली. त्या नमाजी घरात मर्तबान भरभरून दारू तयार झाली होती.

तिनं सगळी झाकणं काढून मलमल बांधली. भावाला मात्र एक शब्द बोलली नाही. शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मामू मशिदीच्या ओट्यावर झोपायला गेले, आणि आपल्या हातून घरात शराब झाली, असं भेटेल त्याला न विचारता सांगत सुटले. त्यामुळं आबकारीच्या दारोग्याला खबर कुणी दिली, हे शोधायची गरजच पडली नाही.

दारोगा पोटाचा जुना रोगी, खालाच्या सिरक्याचंच गिऱ्हाईक. बिचारा अवघडून उभा होता. चोरून दारू केल्याची शिक्षा कैद. त्यानं झाकणं मागवली, लाख तापवली. खाला बुरख्याआडून एवढंच म्हणाली, "साहब, मोहर कपडे पे मारो."

त्यानं हातातलं झाकण खाली ठेवलं. मग शिपायाला म्हणाला, कायद्यात मोहर लिहिली आहे, झाकण लिहिलेलं नाही. मर्तबान कचेरीच्या उघड्या पडवीत जाऊन बसले.

खटल्याची तारीख पडेपर्यंत उन्हाळा लागला. मी खालाच्या सोबतीला गेले होते. टांग्यात तिनं माझा हात धरून ठेवला होता. सिरका होईल का, ही काळजी तिला नव्हतीच, काळजी होती ती भावाची. "वो सच बोल देंगा, दुल्हन," ती म्हणत होती. "उसको झूठ आताच नै."

झालंही तसंच. पुकारा होताच मामू उभे राहिले आणि न्यायाला बसलेल्या मुन्सफांना म्हणाले, हुजूर, यात शराब आहे आणि ती मी केली. पेशकार कारकुनानं मोहर तोडली. मुन्सफ वास घेऊन बुचकळ्यात पडले. त्यांनी पेल्यात थोडं ओतायला लावलं आणि मामूंना चाखून सांगायला फर्मावलं. मामूंनी कानाला हात लावले. फासावर चढवा, म्हणाले, पण शराब ओठाला लावणार नाही.

तेव्हा खाला उठली. हिवाळ्यापासून ती भावाशी एक शब्द बोलली नव्हती.

"वहाब," ती म्हणाली, "पी. मैं बोलरी ना."

मामूंनी डोळे मिटले आणि पेला एका घोटात रिकामा केला. मग तो हातात तसाच धरून उभे राहिले. डोळ्यांतून धारा लागल्या, दाढी भिजली. काय झालं, मुन्सफांनी विचारलं. मामूंना ठसका लागला.

"कुछ नै, साहब," खाला म्हणाली. "सिरका तेज है."