कॅमेऱ्याला न दिसणारा गोठा

शिरोली एमआयडीसीचे कारखाने मागे पडले, एसटी कोल्हापुरात शिरली आणि मला उगाचच शूर वाटू लागलं. पाळत आणि खासगीपणा या विषयावर व्हिडिओ-कलाकृती करायला निघालो होतो ना! पुण्यातला माझा मित्र रणजित कोल्हापूरजवळच्या गडमुडशिंगीत एकट्या राहणाऱ्या आपल्या आईवर मोबाइलवरून नजर ठेवतो, हे कळल्यापासून माझं डोकं तापलं होतं. "जा की, कर शूटिंग," असं त्यानंच सांगितलं, तरी ते तापलेलंच राहिलं.

स्टँडजवळ मिसळ खाल्ली. पहिल्याच घासाला नाकाडोळ्यांतून पाणी. शेजारचे गृहस्थ म्हणाले, "पावणं, कट (झणझणीत रस्सा) जरा दमानं घ्या की." सल्ला उशिरा आला.

रणजितची आई, आक्का, यांच्या स्वयंपाकघरात फळीवरच कॅमेरा होता. "पोचलं रं पावणं," त्यांनी त्याच्याकडं बघून सांगितलं आणि माझ्यापुढं पोहे ठेवले. मागं एकदा गोठ्यात पडल्यापासून त्यांना खाली बसायची मनाई होती. पुन्हा गोठ्यात गेलीस तर म्हैस विकीन, असं रणजितनं बजावलं होतं. धार काढायला शेजारची शोभा येणार, असं ठरलं होतं.

सकाळी बघतो तर आक्का गोठ्यात. म्हशीपुढं आंबोण (पेंड-भुशाचा भिजवलेला खुराक), गुडघ्यांत चरवी आणि तोंडानं म्हशीशी अखंड गप्पा. इतका सुखी चेहरा मी फार दिवसांत पाहिला नव्हता. न विचारताच मी चित्रण सुरू केलं.

"शोभीला म्याच सांगिटलंय, येऊ नगंस म्हणून," त्या म्हणाल्या. "रणजितला बोलू नगा. म्हस गेली तर दिसभर कुणासंगं बोलायचं मी?"

त्यांनी फेसाळत्या दुधाचा पेला माझ्या हातात दिला. आणि मी शहाणा तो घेऊन थेट स्वयंपाकघरात, कॅमेऱ्यासमोर!

कॅमेऱ्यातून रणजितचा आवाज आला. "शोभा तर दिसली न्हाई. धार कुणी काढली?"

मागोमाग आलेल्या आक्का दारातच थिजल्या.

"मी," मी म्हणालो.

"तू? म्हशीनं लाथ न्हाई घातली?"

"घातली की." मी मांडी चोळून दाखवली. तो खो खो हसला. आक्कांनी तोंडाला पदर लावला.

परतीच्या एसटीत मी धारेचं चित्रण पुन्हा पुन्हा पाहिलं. सगळ्या फिल्ममध्ये एवढं सुंदर दुसरं काही नव्हतं. पाळतीवर तावातावानं बोलणारा मी, आणि आक्कांचं गुपित चारचौघांपुढं मांडायला निघालो होतो. शेवटी ते पुसून टाकलं. जीव तुटला, खोटं कशाला सांगू?

पुण्यात फिल्म दाखवली, तेव्हा रणजित आला. पडद्यावर आक्कांचं रिकामं स्वयंपाकघर बराच वेळ दिसत होतं. लोक जांभया देऊ लागले. तो मात्र जागचा हलला नाही.

"रोज सकाळी आई अशीच गायब असती," तो हळू आवाजात म्हणाला. "कुठं असती, ठावं हाय मला."

मी त्याच्याजवळ सरकलो.

"गोठ्यात लावायला दुसरा कॅमेरा आणलाय. खोक्यातनं भाईर काढलाच न्हाई." तो अजून पडद्याकडंच बघत होता. "लावला तर म्हस विकाय लागंल की."