वरच्या मजल्याची मालकीण

दूध उतू गेलं. शेगडीवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली फरशीवर. जमलेल्या बायकांनी हात जोडले. नव्या भाडेकरणीने माझ्याकडे न बघताच हाक मारली, "अक्का, इदन्न ओरसु."

पूस म्हणाली. माझ्याच स्वयंपाकघरात, मला.

आमच्या हुबळी-धारवाडात नव्या घरात शिरताना दूध उतू घालवतात. घर भाड्याचं असलं तरी. मला आवडतो हा रिवाज. आधीच्या भाडेकरणींनी त्यातलं पहिलं पेलाभर दूध मला आणून दिलं होतं, मालकीण म्हणून, साखर घालून. ह्या बाईला मी मालकीण आहे हे ठाऊकच नव्हतं. ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था आम्हीच केली होती.

रायापूरला घर बांधलं तेव्हा वरचा मजला कर्ज काढून चढवला. भाडं येईल, त्यात हप्ता जाईल, एवढंच डोक्यात. मी सरकारी दवाखान्यात आया, आमचे हे रेल्वेच्या वर्कशॉपात. घर माझ्या नावावर. तेव्हा ह्या भागात भाड्याला घर मिळायचं नाही. प्लास्टर ओलं असतानाच लोक ॲडव्हान्स घेऊन दारात. हॉलमध्ये बाबासाहेबांचा फोटो, बुद्धाची मूर्ती, सगळं त्यांना दिसायचं. कुणी तोंडातून ब्र काढला नाही. नळाला पाणी कधी येतं, एवढंच विचारायचे. मला वाटलं, सुधारलं जग. खुळी मी!

मग रस्त्याच्या दोन्ही अंगांना अपार्टमेंटं उठली. लिफ्टवाली, निम्मी रिकामी. आमच्या गल्लीत जिकडेतिकडे 'मने बाडिगेगिदे'च्या पाट्या, घर भाड्याने देणे आहे म्हणून. लोकांना निवडायला मिळालं आणि पोटातलं ओठावर आलं. जिना चढायच्या आधी आडनाव विचारायला लागले. आडनाव ऐकलं की तेच घर त्यांना लहान वाटायचं, उन्हाचं वाटायचं, वास्तू चुकलेली वाटायची. आम्ही भाडं उतरवलं. रंग दिला. मजला रिकामाच. दोघंही रिटायर झालो, हप्ता मात्र चालूच.

शेवटी ब्रोकरने तोड काढली. "मालक पुण्याला असतात म्हणून सांगतो. तुम्ही दोघं खाली राहून घर बघता. करारनाम्याचं मागाहून बघू. कोण तपासायला येतंय, ओ अक्का?" आमच्या ह्यांनी मान हलवली. मीही हलवली. नाहीतर घर विकायची पाळी होती.

बँकेतल्या एका साहेबाचं कुटुंब घर बघायला आलं. त्यांना बघून आमचे हे खुर्चीतून उठून उभे राहिले. स्वतःच्या अंगणात! साहेब त्याच खुर्चीत बसला आणि ह्यांना म्हणाला, "पाणी आण." हे आणायला गेले. मला इतकी लाज वाटली की मी आत जाऊन रडले.

घर त्यांनी घेतलं. आणि मग साहेबाच्या बायकोचं हे दूध.

मी फडकं घेतलं. बसले खाली. अर्धी फरशी पुसली. दवाखान्यात रक्त पुसलंय, ओकाऱ्या पुसल्यात, त्याची मला लाज नाही. ती माझी नोकरी होती. इथे बायका साड्या सावरत मला वळसा घालून जात होत्या. एकीने विचारलं, "संडास धुवायचे हिला किती द्यायचे?" भाडेकरीण म्हणाली, "मालकच देत असतील की."

अंगाची लाहीलाही झाली. मालक! कोण मालक?

फडकं तिथेच टाकलं. उठले. "ई मनी नंदु," म्हणाले. हे घर माझं आहे. पुण्यात कुणी नाही. मालकीण मी आहे.

तिच्या सासऱ्यांनी हातातला दुधाचा पेला खाली ठेवला आणि मराठीत विचारलं, "तुम्ही कुणापैकी?"

"बौद्ध."

त्यांनी पेला परत उचलला नाही. दिवस मावळायच्या आत टेम्पो आला, सामान गेलं. ॲडव्हान्स परत दिला.

ब्रोकर भडकला. "एक फडकं मारलं असतं तर हात झिजले असते काय?" त्याचं मला काही वाटलं नाही. त्याचा धंदा आहे. पण जेवायला बसल्यावर आमचे हेही तेच म्हणाले. "पुसून टाकायचं होतंस." युनियनच्या मोर्चात जन्मभर पुढे चालणारा माणूस. मी ताटावरून उठले.

आता वर कुणी राहत नाही. आमच्यातली नोकरदार पोरं बेंगळूरु-पुण्याला गेली. बाकीचे येतात त्यांना फाटकातच सांगते, मालकीण मी, आम्ही बौद्ध, चालत असेल तर वर या. बहुतेक जण गाडीवरून उतरतसुद्धा नाहीत. ब्रोकर आता विकत घेणारी गिऱ्हाइकं आणतो. तीही भाव पाडून मागतात. एकाने तर तोंडावर सांगितलं, घर पाडूनच टाकणार, तुम्ही राहिलेल्या घरात कोण राहणार? आमचे हे म्हणतात, देऊन टाक. बहुतेक द्यावं लागेल. काही चांगलं होईल असं मला वाटत नाही, खोटं कशाला बोलू?

पण ब्रोकरला बजावून ठेवलंय. घेणारा माझ्या हॉलमध्ये येईल, माझ्यासमोर बसून माझ्याशी बोलेल. मालक कुठायत म्हणून इकडेतिकडे बघेल त्याला तिथूनच परत पाठवणार, मग भाव आणखी पडला तर पडू दे. रजिस्ट्रार ऑफिसात सही माझी होईल, मालकीण म्हणून. आणि तोवर ह्या घरात कुणाच्या सांगण्यावरून मी खाली बसून काही पुसणार नाही. आमच्या ह्यांच्याही नाही.