ताण दिलेला दुधी

तो रस कडू होता आणि ते मला माझ्या बायकोच्या आधी कळलं होतं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी समोर उभं राहून विचारलं, तेव्हाही नाही.

मी एरवी फारसा बोलत नाही. काम द्राक्षाचं. दिंडोरीकडच्या एका पॅकहाऊसमध्ये बोटीने परदेशी जाणाऱ्या मालाची प्रत बघायची आणि हंगामाच्या आधी गावोगाव जाऊन बागाईतदारांना चार गोष्टी समजावायच्या. तिथे मात्र माझी जीभ सुटते. मण्यात पाणी उतरलं, म्हणजे घड मऊ पडून रंगावर यायला लागले, की वरचं पाणी आवरा, असं मी सांगतो. वेलीला जरा ताण बसू द्या. सुखात वाढलेला माल नुसता फुगतो. झाडाला तहान लागली, ऊन लागलं, की ते स्वतःला वाचवायला काही द्रव्यं तयार करतं. द्राक्षाच्या सालीतला काळा रंग, डाळिंबाचा तुरटपणा, कांद्याचा लालपणा, सगळी तीच मंडळी. झाड करतं स्वतःसाठी आणि उपयोग आपल्या रक्ताला, हृदयाला होतो. मग तोडलेला माल उन्हात ठेवू नका, लगेच गार करा, नाहीतर बागेत कमावलेलं शेडमध्ये घालवाल. लोक माना डोलवायचे. चहाच्या वेळी कुणीतरी म्हणायचं, "साहेब, झाडाच्या पोटात शिरून आल्यासारखं बोलता राव." मला ते आवडायचं. खोटं कशाला सांगू?

काही उन्हाळ्यांपूर्वी बायकोची साखर काठावर आली. डॉक्टरांनी गोळी दिली नाही, चालायला सांगितलं. गंगापूर रोडला आमच्या घरापासून जवळच ट्रॅक आहे, तिथे ती मैत्रिणीबरोबर सकाळी जायला लागली. ही मैत्रीण खालच्या मजल्यावरची. दोघींच्या मुलांची शाळा एक, भिशी एक, मसाले कुटायचा दिवससुद्धा एक. ट्रॅकच्या फाटकाशी एक रसवाला बसतो. दुधी, कारलं, आवळा, सगळं मिळतं. दोघी तिथे दुधीचा रस घ्यायला लागल्या.

मी म्हटलं, "त्याचा दुधी कधी तोडलेला, कुठल्या टेम्पोत तापलेला, काय गुण राहणार त्यात? मी पिकवतो गच्चीवर."

बायको म्हणाली, "पिकवा. पण द्राक्षासारखा बोटीत नका बसवू त्याला. आम्हाला इथंच हवाय."

निळा ड्रम अर्धा कापून त्यात वेल लावला. छान चढला. पांढरी फुलं आली, फळं धरली. मग मला माझी ती अक्कल सुचली. मे महिना होता, गच्चीची फरशी चटके देत होती आणि मी वेलाचं पाणी तोडलं. मुद्दाम. द्राक्षाला चालतं, डाळिंबाला चालतं, मग दुधीनेच काय पाप केलंय? रस औषध म्हणून प्यायचा, तर त्यात औषध उतरायला नको? पानं दुपारी लोंबायची. बायको कपडे वाळत घालायला वर आली की म्हणायची, "अहो, माना टाकल्यात बिचाऱ्याने. तांब्याभर तरी घालू का?"

"हात लावू नकोस. ताण देतोय."

"मला देता तेवढा पुरे नाही का?" म्हणाली आणि हसत खाली गेली.

दोन दुधी हाताला लागले. आखूड, टणक, गडद. एक मी अंबडला ताईकडे पाठवला, कारण दाजींचीही साखर वाढलेली. दुसरा आमच्या फ्रीजमध्ये ठेवला.

आमच्या आईची रीत होती, दुधी असो की काकडी, चिरायच्या आधी टोकाची चकती जिभेला लावायची. कडू लागली की सगळं फळ उकिरड्यावर. बायकोही तसंच करते. त्या सकाळी दुधी मी चिरला. तिला चालून यायला उशीर झाला होता आणि मला पॅकहाऊसला निघायचं होतं. मिक्सरमधून काढला, गाळला, दोन ग्लास भरले. आधी मी घोट घेतला. कडू. कारल्यासारखा नाही, जिभेच्या मुळाशी जाऊन चिकटणारा. मला काय वाटलं ते जसंच्या तसं लिहितो. मला वाटलं, उतरलं. ताण दिल्याचं चीज झालं.

तिने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. "अहो, कडूजहर आहे हा."

"कडू म्हणजे गुण आलाय. कारल्याचा पितेसच ना? नाक दाबून पिऊन टाक."

तिने माझ्याकडे बघितलं आणि पिऊन टाकला. एवढी वर्षं झाडांचं सांगणारा माणूस सांगतोय म्हणून प्यायली. माझा फोन वाजला. बोलता बोलता मी माझा ग्लास बेसिनमध्ये ओतला. भीतीने नाही. मला तो आवडला नाही, एवढंच.

मी जिना उतरेपर्यंत तिची हाक आली. वर आलो तर ती न्हाणीघरात भिंतीला धरून होती. उलटी, परत उलटी, मग जुलाब. सुरुवातीला मी लिंबूपाणी करायला लागलो, हे आठवलं की अंगावर काटा येतो. मग उलटीत रक्त दिसलं. तिचे हात बर्फासारखे पडले आणि ओठांचा रंग गेला. रिक्षात तिने माझी बाही धरून ठेवली होती. ती म्हणाली, "अहो, मला काय होतंय?" मी म्हटलं, "काही नाही, पित्त झालंय." तेव्हा मला माहीत होतं का? नक्की नाही. पण दुधीचं नाव मनात येऊन गेलं होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरबाई होत्या. नर्सला तिचं बीपी लागेना. बाई सलाईन लावता लावताच विचारत होत्या, "सकाळपासून काय गेलं पोटात?"

"दुधीचा रस."

त्यांचा हात थांबला. "कडू होता का? उन्हाळ्यात येतात अशा केसेस."

पडद्यापलीकडे बायको कण्हत होती. मला एवढंच दिसलं की मी हो म्हणालो तर पुढचा प्रश्न येणार, कडू होता तर पाजला कशाला?

"नाही," मी म्हणालो. "मीही घेतला ना. मला कुठे काय झालंय?"

"नक्की?"

"नक्की. काल संध्याकाळी खाली मैत्रिणीकडे दहीवडे खाल्ले होते तिने."

हे मला कुणी विचारलं नव्हतं. मी आपण होऊन सांगितलं.

तिला आत अतिदक्षता विभागात नेलं. बाहेर खुर्चीत बसून मी मोबाइलवर शोधलं. तिथे सगळं होतं. पाणी कमी पडलं, ऊन जास्त झालं की दुधीत एक कडू द्रव्य वाढतं. झाड ते स्वतःला वाचवायला तयार करतं. माझंच भाषण होतं ते, फक्त शेवट वेगळा. ते फ्रीजमध्ये ठेवून जात नाही, शिजवून जात नाही. माणसं दगावतात, हेही होतं. मी वाचत गेलो आणि मध्येच आठवलं की दुसरा दुधी अंबडला आहे.

ताईला फोन लावला. तिसऱ्यांदा नंबर लागला.

"ताई, तो दुधी काय केलास?"

"अगंबाई, दुधीची चौकशी! बहिणीची कधी केली नाहीस रे एवढी. हे बसलेत ना त्याचाच रस काढून. तूच म्हणलास, रस घ्या."

"प्याले का?"

"काय?"

"अगं, प्याले का दाजी?"

तिचा आवाज फोनपासून लांब गेला. "अहो, ठेवा! ग्लास खाली ठेवा आधी!" काहीतरी पडलं. मग दाजींचा आवाज आला, अगदी मजेत, "घोटभर तर घेतला. लय कडू हाय. मेव्हण्याने कारलं पाठवलं का दुधी म्हणून?"

मी म्हणालो, "ताई, त्यांना आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने. त्याच्यावर औषध मारलं होतं. मी विसरलो."

"औषध? फवाऱ्याचं? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

म्हणजे तिथेही खोटंच. मालावर फवारा राहिला ही आमच्या धंद्यातली चूक, ती कुणाच्याही हातून होते. थोड्या वेळाने तिचाच फोन आला. "डॉक्टर विचारतात, कोणतं औषध? नाव सांग. त्यावर उतारा द्यायचाय म्हणे." चुकीचं नाव सांगितलं तर चुकीचा उतारा जाईल. तेव्हा मात्र बोललो, "औषध नव्हतं ताई. दुधीच कडू निघाला. डॉक्टरांना तेवढं सांग." मग हळूच म्हणाली, "तुझ्या घरात नाही ना कुणी घेतला?"

"नाही. हिला बाहेरचं बाधलंय, दवाखान्यात आहे."

दाजींना एक उलटी झाली आणि संध्याकाळी ते घरी गेले. तिथल्या अनोळखी डॉक्टरांपर्यंत खरं पोचलं. इथे काचेच्या दारापलीकडे माझी बायको होती आणि तिच्या डॉक्टरबाई माझ्यासमोरून चार वेळा गेल्या. दर वेळी मी उठलो. एकदा त्या थांबल्यासुद्धा. "काही सांगायचंय का?" मी विचारलं, "वाचेल ना?"

त्या म्हणाल्या, "आज काही सांगता येत नाही."

ती वाचली. कडू दुधीवर वेगळा उतारा नाही, सलाईन, रक्तदाब सांभाळणं आणि वाट बघणं हेच करतात, असं मी नंतर वाचलं. म्हणजे मी सांगितलं असतं तरी उपचार बहुधा तेच झाले असते. वाचून मला हायसं वाटलं. त्या हायसं वाटण्याची मला आता लाज वाटते, पण वाटलं होतं हे खरं. तेव्हा, खुर्चीत बसलेलो असताना, मला हे माहीत नव्हतं. मी न सांगितल्याने ती जाईल, असं धरूनच मी गप्प बसलो होतो.

ती मैत्रीण दवाखान्यात थर्मासमधून पेज घेऊन आली होती. मी तिला बाहेरूनच परत पाठवलं. घरी आल्यावर बायकोने विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले, कशाने झालं?" मी म्हणालो, "दहीवड्याने असेल." ती म्हणाली, "रस पण कडू होता की हो." मी म्हटलं, "मीही प्यालो ना." तिने मान हलवली. त्यानंतर दोघींचं बोलणं कमी झालं, मग थांबलं. मैत्रिणीने एकदा दारात येऊन विचारलं होतं, "माझ्या घरच्या सगळ्यांनी तेच वडे खाल्ले, कुणाला काही झालं नाही. मग तुलाच कसं गं?" बायको म्हणाली, "तेच तर मलाही कळत नाही." मी हॉलमध्ये पेपर उघडून बसलो होतो. आता दोघी ट्रॅकवर एकमेकींच्या उलट्या दिशेने चालतात.

मी अजून गावोगाव जातो. ताणाचं बोलणं आता दोन वाक्यांत उरकतो. समोर कुणी विचारलं, "साहेब, भाजीपाल्याला पण द्यायचा का?" तर मी घाईने नाही म्हणतो आणि विषय बदलतो. का नाही, हे सांगत नाही.

गेल्या महिन्यात तिच्या पोटात परत दुखायला लागलं. नवे डॉक्टर होते. त्यांनी विचारलं, पूर्वी कधी असा त्रास झाला होता का? ती म्हणाली, "एकदा दहीवडे बाधले होते." डॉक्टरांनी मान डोलवली आणि पुढे गेले. मी शेजारच्या खुर्चीत बसलो होतो. मी पिशवी मांडीवर घेऊन तिचे बंद पुन्हा पुन्हा बांधत होतो. येताना ती म्हणाली, "तुम्ही का एवढे घाबरलात? साधं पित्त निघालं."

मला तिला हे सांगायचं आहे: रस कडू आहे हे मला माहीत होतं, माझा ग्लास मी ओतून दिला होता आणि डॉक्टरांशी मी खोटं बोललो. त्यानंतर तिच्यासोबत खालच्या मजल्यावर जाऊन तिच्या मैत्रिणीला सांगायचं आहे की तुमच्या दहीवड्यात काही नव्हतं. अजून दोन्ही सांगितलेलं नाही.